दोन शहरांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

कोणत्याही दोन शहरांची नावे दिल्यावर त्यांच्यातील हवाई अंतर आणि विमानप्रवासाला लागणारा वेळ सांगणारे साधन तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. अशी साधने पुष्कळ उपलब्ध आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांची रीत एकच दिसते. आधी सरळ अंतर काढायचे, त्याला ताशी ८०० किंवा ९०० किलोमीटरने भागायचे, वर अर्धा तास मिळवायचा आणि येणारे उत्तर मिनिटापर्यंत अचूक असल्याप्रमाणे छापायचे. अंतराच्या बाबतीत ही पद्धत बऱ्याच अंशी चालते, वेळेच्या बाबतीत चालत नाही. दोन ठिकाणांमधील अंतर जाताना आणि येताना तेच राहते, वेळ मात्र दिशा, ऋतू, विमानाचा प्रकार आणि त्या दिवशी खुला असलेला मार्ग यांनुसार बदलतो. म्हणून या साधनात अंतराचा एक आकडा आणि वेळेच्या दोन कक्षा (किमान ते कमाल), एक जाण्याची व एक येण्याची, द्यायच्या असे आरंभीच ठरवले आहे.

६ फेब्रुवारी २०२५

पहिला प्रश्न असा की शहर म्हणजे नकाशावरचा नेमका कोणता बिंदू? भूगोलाच्या कोशात शहराचे अक्षांश-रेखांश बहुधा त्याच्या मध्यवर्ती भागाचे दिलेले असतात, आणि विमान तिथे उतरत नाही. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, तर हानेदा त्या मानाने अगदी जवळ आहे. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि सिटी असे अनेक विमानतळ आहेत. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात हा फरक किरकोळ ठरतो, पण ४०० किलोमीटरच्या प्रवासात तो एकूण अंतराच्या सातव्या हिश्श्याइतका होऊ शकतो. त्यामुळे अंतर विमानतळ ते विमानतळ मोजले जाईल, आणि एका शहराला अनेक विमानतळ असतील तर वापरकर्त्याने निवड केल्याखेरीज उत्तर दाखवले जाणार नाही.

नावांचाही घोळ आहे. सान होसे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि त्याच नावाचे मोठे शहर कॅलिफोर्नियातही आहे; हैदराबाद भारतात आहे आणि पाकिस्तानातील सिंध प्रांतातही आहे; सिडनी ऑस्ट्रेलियाप्रमाणेच कॅनडाच्या नोव्हा स्कोशियामध्येही आहे. नाव टंकताच पहिला सापडलेला पर्याय गृहीत धरण्यापेक्षा देशासह यादी दाखवणे केव्हाही श्रेयस्कर.

१० फेब्रुवारी २०२५

अंतराच्या सूत्राची निवड आज पूर्ण झाली. पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा परिपूर्ण गोल आहे असे मानले, तर दोन बिंदूंमधील सर्वांत लहान मार्ग हा त्यांच्यामधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा (ज्याचा मध्य पृथ्वीच्या केंद्रातच असतो अशा वर्तुळाचा) कंस असतो आणि त्याची लांबी हॅव्हरसाइन सूत्राने काही ओळींत काढता येते. परंतु पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. डब्ल्यूजीएस ८४ या पृथ्वीच्या आकाराच्या जागतिक मानकानुसार तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर, तर ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५६.७५२ किलोमीटर आहे. या चपटेपणामुळे रेखावृत्तावरील एका अंशाची लांबी विषुववृत्तापाशी सुमारे ११०.६ किलोमीटर, तर ध्रुवापाशी सुमारे १११.७ किलोमीटर भरते. गोल मानून काढलेल्या उत्तरात त्यामुळे जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडू शकतो.

लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या विमानतळांची जोडी आजपासून चाचणीसाठी कायम ठेवली आहे. गोल मानल्यास त्यांच्यातील अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर येते, चपट्या गोलाभावर (ध्रुवांकडे दबलेल्या गोलावर) मोजल्यास सुमारे ५,५५५ किलोमीटर. हे पंधरा किलोमीटर कापायला विमानाला जेमतेम एक मिनिट लागते, म्हणजे वेळेच्या अंदाजासाठी हा फरक नगण्य आहे. तरीही गोलाभाचेच गणित वापरायचे ठरवले, कारण जो आकडा किलोमीटरच्या एककापर्यंत छापायचा त्याच्या शेवटच्या दोन अंकांना काही अर्थ असायला हवा.

गोलाभासाठी विन्सेंटी यांची १९७५ सालची पद्धत प्रसिद्ध आहे आणि ती बहुतेक ठिकाणी मिलिमीटरपर्यंत अचूक उत्तर देते. मात्र एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांना असलेल्या बिंदूंच्या जवळपास तिची आवर्तने (पुन्हा पुन्हा केलेली आकडेमोड) एका उत्तरावर स्थिरावत नाहीत. चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अशा जोड्यांसाठीही उत्तर देते, म्हणून तीच स्वीकारली आहे. वापरकर्ता कोणत्या दोन ठिकाणांची नावे देईल हे आपल्या हाती नसते, तेव्हा जिथे गणित अडखळते असा कोपरा शिल्लक ठेवणे योग्य नव्हे.

१२ फेब्रुवारी २०२५

एकके : किलोमीटर, मैल आणि सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हे मूल्य १९२९ साली मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत निश्चित झाले. वैमानिकांचे सारे व्यवहार सागरी मैल आणि नॉट (ताशी एक सागरी मैल) यांत चालत असल्यामुळे आतील गणित त्यांतच ठेवले आहे.

१४ फेब्रुवारी २०२५

मार्ग नकाशावर दाखवताना जी वक्र रेषा उमटते ती पाहून विमान उगाच वळसा घालते असा अनेकांचा समज होतो. तो दूर करण्यासाठी माद्रिद आणि न्यूयॉर्क ही जोडी उत्तम आहे, कारण दोन्ही शहरे ४० ते ४१ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात, जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. त्या अक्षवृत्तावरून नाकासमोर पश्चिमेला गेल्यास सुमारे ५,९३० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्ताचा मार्ग माद्रिदहून वायव्येकडे निघतो, अटलांटिकच्या मध्यावर ४६ अंशांच्या वर चढतो, पुन्हा खाली उतरतो, आणि तरीही सुमारे ५,७६० किलोमीटरमध्येच पोहोचवतो. सपाट नकाशावर लांब दिसणारी रेषा पृथ्वीवर १७० किलोमीटरने आखूड आहे. मर्केटर प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या प्रचलित रीतीत, उच्च अक्षांशांचा प्रदेश ताणला जातो, हे त्याचे कारण. या जोडीचे चित्र साधनाच्या मदत-पानावर द्यायचे आहे. परिच्छेदभर स्पष्टीकरणापेक्षा ते अधिक काम करील.

१९ फेब्रुवारी २०२५

आतापर्यंत मोजले ते सैद्धांतिक अंतर. प्रत्यक्षात विमान कापते ते अंतर यापेक्षा नेहमीच थोडे अधिक असते. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेतून मार्गाच्या दिशेला वळावे लागते, उतरताना रांगेत घिरट्या घालाव्या लागतात आणि मधला प्रवास ठरलेल्या बिंदूंवरून किंवा नियंत्रकांनी दिलेल्या मार्गाने होतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणकात (विमानप्रवासाचे कार्बन उत्सर्जन काढणाऱ्या साधनात) यासाठी एक साधी दुरुस्ती वापरली जाते : ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतरासाठी ५० किलोमीटर, ५५० ते ५,५०० किलोमीटरसाठी १०० किलोमीटर आणि त्याहून अधिक अंतरासाठी १२५ किलोमीटर मिळवायचे. सर्वसाधारण मार्गांसाठी हीच दुरुस्ती घेतली आहे.

परंतु काही मार्गांना अशी ठोकळ दुरुस्ती लागू पडत नाही. हेलसिंकी ते टोकियो हे बृहद्वृत्तीय अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि तो कंस जवळजवळ संपूर्ण रशियावरून जातो. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युरोपीय संघाने आणि रशियाने एकमेकांच्या विमानसेवांना आपापले हवाई क्षेत्र बंद केले. तेव्हापासून हा प्रवास उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घेऊन करावा लागतो. पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होणारे उड्डाण त्यामुळे सुमारे तेरा तासांचे झाले. शहरे जागची हलली नाहीत, सूत्र बदलले नाही, आणि तरी वेळ एक तृतीयांशाहून अधिक वाढला. इतिहासातही हे घडलेले आहे. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बहुतेक पाश्चात्त्य विमानसेवांना बंद असल्यामुळे युरोपातून टोकियोला जाणारी विमाने अलास्कातील अँकरेजमार्गे जात; स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये कोपनहेगनहून याच मार्गाने ध्रुवीय सेवा सुरू केली होती.

भूगोलाची बंधने वेगळी. तिबेटच्या पठारावरून जाताना केबिनमधील दाब कमी झाला, तर विमानाला तातडीने साधारण १०,००० फुटांवर यावे लागते, आणि तिथली जमीनच त्याहून उंच असल्याने बहुतेक मार्ग हा प्रदेश टाळतात. दोन इंजिनांच्या विमानांना महासागरावरून जाताना एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत पोहोचता येईल असा पर्यायी विमानतळ आवाक्यात ठेवावा लागतो. ही मर्यादा मुळात ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि पुढे ती आणखी वाढत गेली. दक्षिण गोलार्धात, जिथे महासागर विस्तीर्ण आणि विमानतळ विरळ आहेत, तिथे या नियमाचा परिणाम आजही मार्गावर दिसतो.

निर्णय : बंद हवाई क्षेत्रांची सीमा माहितीत साठवायची, बृहद्वृत्त तिला छेदत असेल तर वळशासह दुसरे अंतर काढायचे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवायचे. ही माहिती कोणत्या तारखेची आहे तेही उत्तरासोबत लिहिले जाईल, कारण हवाई क्षेत्र खुले होणे वा बंद होणे एका दिवसातही घडते.

२४ फेब्रुवारी २०२५

वेग. प्रवासी जेट विमानाचा वेग ध्वनिवेगाच्या पटीत, म्हणजे माख अंकात सांगितला जातो. प्रमाण वातावरणात ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर भरतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखी विमाने माख ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडतात. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० माख ०.८५ च्या आसपास, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या थोडे वर. म्हणून अंतरानुसार विमानाचा गट आधी ठरवावा लागतो, सगळ्यांना एकच वेग लावता येत नाही.

लहान मार्गांवर स्थिर वेगाला फारसे महत्त्वच उरत नाही. चढाईला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि उतरणीचा साधा ठोकताळा दर हजार फुटांना तीन सागरी मैल असा आहे. त्यामुळे ३५,००० फुटांवरून उतरायला सुमारे १९५ किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. शिवाय अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा असते. चारशे किलोमीटरच्या उड्डाणात विमान चढते न चढते तोच उतरू लागते. अशा मार्गाला ८३० ने भागून २९ मिनिटे असे उत्तर देणे म्हणजे प्रवाशाची शुद्ध दिशाभूल आहे, कारण हवेतलाच वेळ पाऊण तासाच्या घरात जातो. चढाई, स्थिर उड्डाण आणि उतरण असे तीन स्वतंत्र भाग करून गणित नव्याने मांडले आहे.

३ मार्च २०२५

या संपूर्ण प्रकल्पाचा गाभा वाऱ्यात आहे, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

मध्य अक्षांशांत साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजमापे केली आणि आपले निष्कर्ष एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केले; ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. हिवाळ्यात विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानांतील तफावत वाढते, त्यामुळे हे प्रवाहही जोर धरतात आणि कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात.

विमानाचा वेग हवेसापेक्ष असतो, प्रवास जमिनीवरून मोजला जातो. ताशी ९०० किलोमीटर हवेसापेक्ष वेगाच्या विमानाला ताशी १०० किलोमीटरचा पाठचा वारा मिळाला तर जमिनीसापेक्ष वेग १,००० होतो, समोरचा मिळाला तर ८००. चाचणीच्या जोडीतील सुमारे ५,५५० किलोमीटरसाठी पहिल्या स्थितीत सुमारे ५ तास ३३ मिनिटे आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे ६ तास ५६ मिनिटे येतात, म्हणजे एकाच अंतरासाठी १ तास २३ मिनिटांचा फरक पडतो. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यायला हवी : जाताना गमावलेला वेळ येताना पूर्णपणे भरून निघत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास २० मिनिटे लागली असती. वाऱ्यासह त्यांची बेरीज सुमारे १२ तास २९ मिनिटे होते. समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, म्हणून हा तोटा अटळ आहे. आडवा वाराही फुकट जात नाही, कारण मार्गावर टिकण्यासाठी विमानाला नाक वाऱ्याच्या दिशेने थोडे वळवावे लागते आणि पुढे जाण्याचा वेग तेवढा घटतो.

पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे, असे उत्तर सर्रास ऐकू येते, पण ते बरोबर नाही. तसे असते तर विमानाखालून जमीन पूर्वेकडे सरकून पश्चिमेचाच प्रवास लहान झाला असता. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान उड्डाणापूर्वीपासून त्या फिरण्याचा भाग असते. पृथ्वीच्या परिवलनाचा संबंध आहे तो अप्रत्यक्ष : उष्ण प्रदेशाकडून ध्रुवाकडे जाणाऱ्या हवेला ते पूर्वेकडे वळवते आणि त्यातून हे पश्चिमी वारे निर्माण होतात.

टोकाचे उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या उड्डाणाला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. त्या विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ताशी १,३०० किलोमीटरपर्यंत गेला होता, तरीही त्याने ध्वनिवेग ओलांडला नव्हता, कारण सभोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होते.

उत्तर अटलांटिकवर तर मार्गच वाऱ्यानुसार आखले जातात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्या आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांसाठी समांतर मार्गांचे दोन संच दररोज नव्याने तयार होतात. पूर्वेकडच्या संचाची आखणी जेट प्रवाहाचा लाभ मिळावा अशी असते, पश्चिमेकडच्या संचाची त्याला टाळण्यासाठी. सिंगापूर–न्यूयॉर्क या सुमारे १५,३५० किलोमीटरच्या आणि अठरा तासांहून अधिक काळ चालणाऱ्या प्रवासात विमान कधी पॅसिफिकवरून, तर कधी युरोप व अटलांटिकवरून जाते. अशा मार्गांवर सर्वांत आखूड वाट आणि सर्वांत लवकर पोहोचवणारी वाट या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि इंधनाचा हिशेब नेहमी दुसरीच्या बाजूने लागतो.

यापुढे प्रत्येक मार्गासाठी ऋतुमानानुसार वाऱ्याची सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंची मर्यादा घेऊन किमान व कमाल वेळ काढला जाईल.

१० मार्च २०२५

कालपासून अमेरिकेत उन्हाळी वेळ सुरू झाली, ब्रिटनमध्ये ती ३० मार्चला सुरू होईल. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार असा नियम असल्याने मधल्या तीन आठवड्यांत लंडन व न्यूयॉर्क यांच्या घड्याळांतील अंतर पाचऐवजी चार तासांचे असते. दोन शहरांतील वेळेचा फरक हा कायमचा आकडा म्हणून साठवता येत नाही याचा याहून स्पष्ट पुरावा नको. प्रवासाची तारीख घेऊनच पोहोचण्याची स्थानिक वेळ काढायची आणि सर्व आकडेमोड यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत करायची, असा नियम घालून घेतला.

पूर्ण तासांचे गृहीतकही सोडून द्यावे लागते. भारताची प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, नेपाळची पावणेसहा तास. किरिबाटीच्या लाइन बेटांची घड्याळे चौदा तास पुढे चालतात. सामोआने तर २०११ मध्ये वाररेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर हा दिवसच दिनदर्शिकेतून वगळला. टोकियोहून संध्याकाळी पाच वाजता निघालेला प्रवासी साडेनऊ तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो, तेव्हा उन्हाळी वेळेनुसार तिथे त्याच तारखेची सकाळ साडेदहा झालेली असते. म्हणून पोहोचण्याच्या वेळेशेजारी तारीख आणि वार लिहिणे बंधनकारक केले आहे.

१७ मार्च २०२५

वेळापत्रकातील वेळ आणि हवेतील वेळ यांची गल्लत होऊ नये. विमान कंपन्या जो वेळ छापतात तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंतचा असतो. व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतचे जाणे, रांगेतले थांबणे आणि उतरल्यानंतरचे जाणे येते, शिवाय उशीर भरून निघावा म्हणून थोडी मोकळीकही ठेवलेली असते. यामुळेच उशिरा निघालेले विमान अनेकदा वेळेवर पोहोचते. आमच्या उत्तरात हवेतला वेळ आणि जागा ते जागा वेळ हे दोन्ही वेगळ्या नावांनी दाखवले जातील. घरापासून मुक्कामापर्यंतच्या एकूण वेळेचा अंदाज मात्र या साधनात घेतलेला नाही. शहरातील वाहतूक आणि तपासणीच्या रांगा यांचे गणित निराळे असते.

२५ मार्च २०२५

थेट सेवा नसलेल्या जोड्यांचा विचार. माद्रिद आणि वेलिंग्टन ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना आहेत. त्यांच्यातील अंतर सुमारे १९,८५० किलोमीटर, म्हणजे जास्तीत जास्त शक्य असलेल्या अंतरापेक्षा थोडेच कमी. अशा ठिकाणी कोणत्याही दिशेने निघाले तरी अंतर फारसे बदलत नाही. पण नियमित सेवेतील कोणतेही प्रवासी विमान एवढे अंतर एका दमात जात नसल्याने या अंतराला भागून मिळणाऱ्या वेळेला व्यवहारात किंमत नाही. तो आकडा छापण्याऐवजी ‘थेट उड्डाण नाही’ असे स्पष्ट लिहायचे, आणि वापरकर्त्याने मधले थांबे निवडल्यास प्रत्येक टप्प्याचे अंतर व वेळ स्वतंत्रपणे काढून त्यांत विमान बदलण्यासाठी लागणारा किमान अवधी मिळवायचा.

३१ मार्च २०२५

युरोपातील घड्याळे काल पुढे सरकली आणि चाचणीच्या जोडीतील फरक चारवरून पुन्हा पाच तासांवर आला. साधनाने तो बदल आपोआप टिपला. उत्तराची मांडणी आता अशी आहे. हीथ्रो ते जॉन एफ. केनेडी : अंतर ५,५५५ किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना जागा ते जागा साडेसात ते सव्वाआठ तास, पूर्वेकडे येताना सहा ते सात तास. खाली गृहीत धरलेला विमानगट, वाऱ्याचा ऋतू आणि हवाई क्षेत्राच्या माहितीची तारीख. तिथे एकच आकडा हवा अशी सूचना काही वापरकर्त्यांनी केली. ती स्वीकारलेली नाही, मात्र कक्षेच्या दोन टोकांना ‘अनुकूल वारा’ आणि ‘प्रतिकूल वारा’ अशी नावे दिल्यावर तिचा अर्थ त्यांना लगेच कळला. पुढच्या टप्प्यात दक्षिण गोलार्धातील मार्गांसाठी वाऱ्याची माहिती जोडायची आहे, कारण तिथला जोरदार हिवाळी प्रवाह जून ते ऑगस्टमध्ये येतो आणि सध्याची ऋतूंची विभागणी केवळ उत्तरेचे महिने धरून केलेली आहे.